चार हेडचा कॅमेरा

अलीकडं माझ्याकडं जी पोरंपोरी येतात, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. सर, बजेट कमी आहे, पण आम्हाला सिरियस फिल्म करायची आहे, तर कॅमेरा कोणता घेऊ? मोबाइलवर त्यांनी दोन कॅमेरे आधीच शेजारी शेजारी लावून ठेवलेले असतात, कुणाला किती रेषा, कुणाला किती भिंगं, सगळं पाठ असतं. मी फक्त एकावर बोट ठेवायचं, एवढीच अपेक्षा असते. मी चष्मा पुसतो आणि विचारतो, "तुमच्या घरी कुणाला शेळ्यामेंढ्यांतलं कळतं का?" पोरं एकमेकांकडं बघतात. म्हातारा सटकला, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसतं आणि खरं सांगायचं तर त्याची मला जराशी मजाही वाटते. पण मी थट्टा करत नसतो. माझा पहिला कॅमेरा ज्या माणसानं निवडला, त्यानं तोवर उभ्या आयुष्यात एक सिनेमा धड शेवटपर्यंत पाहिला नव्हता. मध्यंतरात उठून तो मेंढरं बघायला घरी आला होता.

हा माणूस म्हणजे आमचे आबा, माझे वडील. पिंगळीच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. पुढं दोन खोल्या, मागं बाभळीच्या काट्यांनी वेढलेला मेंढवाडा. घरापेक्षा तो मोठा आणि घरापेक्षा तिथंच जास्त गडबड. सकाळी आया चरायला निघाल्या की मागं राहिलेली कोकरं असा काही गलका करायची की पूर्णेकडं जाणाऱ्या पॅसेंजरची शिट्टीसुद्धा त्यात बुडून जायची. त्या गलक्यातच माय भाकरी थापायची, आणि आबा कुणाशी बोलतायत, मायशी, माझ्याशी का मेंढरांशी, हे कळायला त्यांच्याकडं बघावं लागायचं, कारण सूर तिघांनाही एकच. जेवायला येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. चहा मेंढीच्या दुधाचा. तो इतका घट्ट व्हायचा की पिऊन झाल्यावर ओठांवर साय राहायची. शहरातले पाहुणे त्याचं तोंडभरून कौतुक करायचे आणि दुसरा कप मात्र घ्यायचे नाहीत. लोकरीचा वास माझ्या शर्टाला, वह्यांना, सगळ्यालाच होता. परभणीच्या कॉलेजात मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक आवाजात बेंऽऽ करायचं. पहिलं वर्षभर मला वाईट वाटलं, नंतर मीच उलट उत्तर द्यायला लागलो आणि माझं बेंऽऽ त्यांच्यापेक्षा कितीतरी अस्सल निघालं, त्यामुळं तो प्रकार बंद पडला.

रुळांच्या पलीकडं गौतम राहायचा. आम्ही दोघं एकाच पॅसेंजरनं कॉलेजला जायचो आणि पुष्कळदा अर्ध्या दिवसात परत यायचो. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटत होता आणि विझत होता, मोर्चे निघत, कॉलेज बंद पडे, परीक्षा पुढं जात. गौतम मोर्चात जायचा आणि घसा बसवून घेऊन यायचा. आमच्या घरी तो आला की मायनं त्याच्यासाठी कोनाड्यात एक वेगळी कपबशी ठेवलेली असायची. एके दिवशी गौतमनं ती हातातून अगदी हळुवारपणे निसटू दिली. "चुकून पडली, माय," म्हणाला. मायनं तुकडे गोळा केले, त्याच्याकडं बघितलं, आणि कोनाड्यात दुसरी कपबशी काही आली नाही. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. ती कपबशी फोडायला मला कधी सुचलं नव्हतं.

आम्हाला सिनेमा करायचा होता. साधासुधा नाही, गंभीर. गंभीर म्हणजे काय, याबद्दल आमच्या कल्पना पक्क्या होत्या: गाणी नाहीत, मारामारी नाही, हिरोईन नाही आणि शक्यतो कुणी फारसं बोलायचं नाही. दोन लगीनसराया आम्ही एका व्हिडिओवाल्याबरोबर फिरलो होतो. तो नवरानवरीच्या चेहऱ्यांवर बदामाचे आकार टाकायचा आणि आम्ही मनातल्या मनात त्याचा तिरस्कार करायचो, त्याच्याच पंगतीत बुंदी खाता खाता. आमच्या सिनेमाची गोष्ट गौतमनं दोनशे पानी वहीत लिहून काढली होती. एका मेंढपाळाची काळी मेंढी दिवेलागणीला हरवते, तो ती शोधत फिरतो, बस. नाव मात्र ठरत नव्हतं. चार वेळा बदलून झालं तेव्हा गौतम म्हणाला, "बाल्या, विद्यापीठाचं एक नाव बदलंना, आन आपल्या पिच्चरचं चारदा बदललं की रं."

ही गोष्ट मी आबांना ऐकवली, कारण कॅमेऱ्याला पैसे त्यांच्याचकडून निघायचे होते. ते ओट्यावर बसून हातातल्या चातीवर लोकर कातत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मंग सापडती का?"

"ते दाखवायचं न्हाई, आबा. बघणाऱ्यानं समजून घ्यायचं."

"बघणाऱ्याची मेंढी हाय का?" मग जरा वेळ चाती फिरवून, "कवा हरवती म्हनलास?"

"सांजंला. दिवे लागायच्या टायमाला."

"आन रंग?"

"काळी."

आबा "हं" म्हणाले आणि पुन्हा कातायला लागले. मला वाटलं, विषय संपला. तसा दुसरा रस्ता माझ्यासाठी तयारच होता. ताडकळसच्या मामानं खताच्या दुकानात मला उभं करायचं ठरवलं होतं, दिवाळीनंतर ये, म्हणाला होता. मामा मनानं फार चांगला माणूस होता आणि म्हणूनच मला भीती वाटायची, की त्या दुकानात मी एकदा उभा राहिलो की तिथंच सुखानं म्हातारा होईन. पण आठवड्याभरानं आबा बाजारातून आले आणि म्हणाले, "चल. पर येकदाच. दुसऱ्यांदा इचारू नको. जमलं तर जमलं, न्हाई तर मामाकडं गुमान जायचं." एवढंच. काय विकलं, कितीला विकलं, काहीच बोलले नाहीत. मी म्हणालो, मी आणि गौतम जाऊन घेऊन येतो. आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू आम्ही पोरं पोरंच बैलजोडी आणायला निघालो होतो. "सौदा हाय न्हवं? मंग मी येतो."

परभणीत रफिकभाईंचं दुकान होतं. टीव्ही, व्हीसीआर दुरुस्त करायचे आणि हैदराबादेतून आणलेले कॅमेरे विकायचे. गडी मोठा दिलदार, जिभेवर साखर. आम्ही महिनाभर त्यांच्या काचेला नाक लावून उभे राहत होतो. आत दोन कॅमेरे होते. एक चंदेरी, छोटा, तळहातावर मावेल असा. त्याचं झूम बटणानं सुईंकन पुढं जायचं, पडद्यावर रंगीत अक्षरं उमटवायची सोय होती, आणि अंगावरचा पातळ प्लास्टिकचा कागदही अजून निघालेला नव्हता. दुसरा काळा, धिप्पाड, खांद्यावर घ्यायचा, पुढं परातीएवढा नाही पण वाटीएवढा तरी भिंगाचा डोळा. त्याचं सगळं हातानं फिरवायचं. कोपरे घासून पांढरे झालेले. आमचं मन कुठं अडकलं होतं, हे सांगायला नकोच. गौतमनं वहीत चंदेरी कॅमेऱ्याचे गुण एकाखाली एक लिहून काढले होते आणि काळ्याच्या नावापुढं नुसतं 'जड' एवढंच लिहिलं होतं.

आबा खांद्यावर उपरणं, हातात काठी, अशा थाटात दुकानात शिरले. रफिकभाईंनी स्टूल पुढं केलं. ते बसले नाहीत. जनावर बघताना बसायचं नसतं. आधी दोन्ही कॅमेऱ्यांभोवती एक चक्कर मारली. मग चंदेरी उचलला, हातावर तोलला, हलवून कानाशी नेला, त्याच्या डोळ्यावर फुंकर घालून बघितली. "खातंय काय?"

"बॅटरी, चाचा."

"येका खाण्यात चालतंय किती?"

रफिकभाई म्हणाले, पाऊण तास. आबांनी माझ्याकडं बघितलं. पाऊण तासात तर मेंढरू नाल्यापर्यंतसुद्धा जात नाही, हे त्या बघण्यात होतं. मी घाईघाईनं म्हणालो, आबा, तसं नसतं, यात खूप सोयी आहेत. रफिकभाईंना वाटलं, आता आपला हुकमी पत्ता टाकावा. चंदेरीच्या पाठीवर थाप मारून ते मोठ्यानं म्हणाले, "चाचा, बात ऐसी है, इसमें चार हेड हैं, चार! बाकी सब दो हेड के."

टेपवरचं चित्र उचलणारा जो लहानसा भाग आत असतो त्याला हेड म्हणतात, हे मला आणि गौतमला ठाऊक होतं. चार असले की उत्तम, हे वहीत दोनदा अधोरेखित केलेलं होतं. पण आबांच्या आयुष्यात हेडे एकच. जनावरांच्या बाजारात घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या मधे घुसणारे दलाल. एका हेड्याच्या हातून जनावर गेलं की त्याचं वय दोन वर्षांनी कमी होतं आणि दूध शेरानं वाढतं, असं आबांचं म्हणणं. त्यांनी कॅमेरा हळूच काउंटरवर ठेवला.

"चार हेडे?" ते म्हणाले. "चार हेड्यांच्या हातून फिरून आलंय, आन महिनाभर आमच्या पोरास्नी नवं म्हणून दाखवायलास व्हय रं?"

मी डोकं धरलं. आता हसावं की रडावं, या विचारात समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात रफिकभाईंचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं. ते कानापर्यंत लाल झाले होते.

"आपको कौन बोला, चाचा?" अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले. "मैं नया कब बोला? मैं बोला, नये जैसा. और चार नक्को बोलो. तीनच हैं. तिसरा तो मेरा साला, उसको तो गिनतेच नहीं."

गौतमनं वही मिटली. आबा मात्र अजिबात आश्चर्यचकित झाले नाहीत. ते म्हणाले, "साला धरून तीन. मंग चवथा तू," आणि काळ्या कॅमेऱ्याकडं वळले. रफिकभाई पोट धरून असे हसत सुटले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढं ती दोस्ती दोघांच्याही अखेरपर्यंत टिकली. आमच्या कॅमेऱ्याचं हेड ते आयुष्यभर फुकट साफ करून देत आणि दर वेळी म्हणत, "हेड्याला आंघोळ घातली, चाचा को बोलो."

पण त्या दिवशी मला हसू येत नव्हतं. तीन हात फिरला तर फिरला, मला चंदेरीच हवा होता. आबांनी ऊन उतरेपर्यंत आम्हाला तिथंच बसवून ठेवलं. दिवस मावळायला आला तसं म्हणाले, "काळं जनावर हाय का कुठं?" रफिकभाईंची शेळी दुकानामागं बांधलेली होती, तीही काळीभोर. गौतमनं ती समोरच्या लिंबाखाली नेऊन धरली. आधी चंदेरी कॅमेरा वायरनं टीव्हीला जोडला. टीव्हीवर गौतमचा पांढरा शर्ट दिसला आणि त्याच्या हातातून निघालेलं दावं, पण दाव्याच्या दुसऱ्या टोकाला नुसता डांबराचा गोळा. झूम सुईंकन पुढं गेलं, डांबर फक्त मोठं झालं. मग काळा कॅमेरा जोडला. गौतमनं येऊन त्याची दोनतीन बटणं दाबून बघितली, एक तांबडा दिवा लागला, आणि तो पुन्हा शेळीकडं पळाला. आबांनी स्वतः तो मोठा डोळा तिकडं वळवला. शेळी दिसली. कान दिसला, पोटावरची केसांची रेघ दिसली, आणि ती वळून बघायला लागली तेव्हा दोन डोळे चमकले.

"तुझी मेंढी काळी हाय आन सांजंला हरवती," आबा म्हणाले. "ती ह्येला दिसती. त्येला दिसत न्हाई. बास."

पटलं, म्हणूनच मी रुसलो. बावीस वर्षांचा घोडा, पण रुसलो. म्हणालो, "मग मला कॅमेराच नको. मी जातो ताडकळसला."

आबा शांतपणे म्हणाले, "जा. पर आदी च्या घिऊन ये समद्यास्नी."

मी पाय आपटत चहाच्या गाड्यावर गेलो. गौतम शेळी परत बांधायला मागं गेला. मी चार ग्लास घेऊन आलो, तेव्हा रफिकभाईंचा हात उपरण्याखालून बाहेर येत होता. म्हणजे सौदा झाला होता. रफिकभाईंचे वडील सेलूच्या बाजारात बकऱ्यांचे व्यापारी होते, त्यामुळं बोटांची भाषा त्यांना येत होती: कापडाखाली हातात हात धरायचा, बोटं दाबायची, भाव ठरवायचा, आणि भोवतीच्या माणसाला काही कळू द्यायचं नाही. मेंढरांच्या बाजारात मी हे लहानपणापासून बघत आलो होतो. पण व्हिडिओ कॅमेरा उपरण्याखाली विकला गेलेला बहुधा तो एकमेव. किती पडला, विचारलं तर आबा म्हणाले, "पडला तेवढा पडला." जनावर दाव्यासकट घ्यायचं, म्हणून त्यांनी पट्टा मागून घेतला, वैरण म्हणून दोन जादा बॅटऱ्या आणि टेपांची अख्खी पेटी, आणि वर कॅमेरा ठेवायची एक तीन पायांची घोडीही.

पॅसेंजरमध्ये मी शेवटचा प्रयत्न केला. हेड म्हणजे काय, टेप कशी फिरते, सगळं सांगितलं. आबांनी लक्ष देऊन ऐकलं.

"मंजी हेडे न्हाईत त्ये?"

"न्हाईत, आबा."

"मंग त्यो तीन कबूल कामून झाला?"

गौतम खिडकीबाहेर बघत खांदे हलवून हसत होता. मीही हसलो, नाइलाजानं. घरी माय दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नवं जनावर आलं की त्याच्या पायांवर पाणी घालायचं, हा तिचा नेम. खोकं बघून ती बावरली. "ह्येला पाय कुठं हायेत?" गौतमनं लगेच घोडी उघडून तिच्यापुढं उभी केली. मायनं तिन्ही पायांवर पाणी घातलं, डोळ्याला बाहेरून कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग चुलीकडं जाऊन चार ग्लास चहा ओतला, सगळे एकसारखे.

सिनेमा झाला. त्याच्या टेपा आम्हाला पुरल्या, बॅटऱ्या पुरल्या. चंदेरी घेतला असता तर सगळे पैसे त्यातच जाऊन एका टेपेवर हात चोळत बसलो असतो, हे कळायला मला चौथा दिवस उजाडावा लागला. खांदा मात्र सुजला. आबांना मी म्हणालो, मेंढपाळ तुम्हीच करा, पण ते कॅमेऱ्यापुढं यायला राजीच नाहीत. "मालक दिसला की लोकं भाव इचारतेत," म्हणाले, आणि सगळे दिवस आमच्या पाठीमागं उभं राहून कळप हव्या त्या जागी आणून देत राहिले. गावात दाखवला तेव्हा लोक पांगले. आबा तेवढे शेवटपर्यंत बसले आणि म्हणाले, "सापडायला पायजे व्हती." पण पुण्यात एकानं तो पाहिला, संध्याकाळच्या उजेडात काळी मेंढी कशी टिपली म्हणून विचारलं आणि मला कामाला ठेवून घेतलं. ताडकळसचं दुकान मामाच्या पोरानं उत्तम सांभाळलं.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हा मी जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला दिल्या. घरात आबांचा एकच फोटो, रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात ते रागावलेले. टेपा उतरवणाऱ्या पोरीनं फोन केला, "सर, पहिल्या टेपेच्या सुरुवातीला एक शेळी आहे आणि नंतर बराच वेळ दोन माणसं आहेत. ठेवू का काढून टाकू?" गौतमनं लावलेला तो तांबडा दिवा म्हणजे आतल्या टेपेवर चित्र उतरत होतं. नंतर काउंटरवर ठेवलेला कॅमेरा आपला चालूच होता.

चित्रात आबा बसलेत, अखेरीस त्या स्टुलावर. समोर रफिकभाई. आबा उपरणं पसरतात, रफिकभाई हसून म्हणतात, "चाचा, दुकान में कौन है? खुल्ला बोलो ना, ये कपडा कायको?"

आणि आबा, दाराकडं एक नजर टाकून, म्हणतात, "पोरगं यील आता च्या घिऊन. त्येला भाव कळाय नगं. कळला की वझं व्हतंय. आदीच ह्ये खोकं लय जड हाय."

मग कापड हलतं. मी ते किती वेळा बघितलं असेन, याला हिशेब नाही. कोणतं बोट दाबलं, किती वेळा, एवढ्यावरून भाव काढता येईल म्हणून मी ते संथ करूनही बघितलं. निघत नाही. आबांचा चेहरा मात्र स्वच्छ दिसतो, कमी उजेडातही, प्रत्येक सुरकुती. ते सहज कॅमेऱ्याकडं वळतात, त्या वाटीएवढ्या डोळ्यात रोखून बघतात, आता काही बोलतील असं वाटतं, आणि तेवढ्यात चार ग्लास घेऊन, गाल फुगवून, मी मधे येऊन उभा राहतो आणि आबा माझ्या पाठीमागं दिसेनासे होतात.